आज शांत कधी वाटलं?

मांडवी, रत्नागिरी

प्रिय सखाराम,
(मेहुणे या नात्याने साष्टांग नमस्कार, आणि एका बाकावरचा सोबती म्हणून, काय रे, बरा आहेस ना?)

दोन दिवस कानात आपल्या चौथीच्या वर्गाचा आवाज घुमतो आहे. गुरुजी शुद्धलेखन सांगायचे आणि अख्खा वर्ग एकेक शब्द मोठ्याने म्हणत पाटीवर उतरवायचा, वरून पेन्सिलींची ती करकर. असो. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई, नातवंडं खुशाल? इकडे सर्व क्षेम असं लिहायचा रिवाज आहे, पण ते लिहायला घेतलं आणि उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. क्षेम कुठलं? तुझी बहीण हर्णेला तुझ्याकडे येऊन राहिली आहे, आणि का आली ते तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असणारच. माझी बाजू या पत्रात आहे. (फोन केला असता, पण तुझा मोबाइल हल्ली तीच उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवते.)

झालं असं, की बंदर खात्यातून निवृत्त झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या नम्रताच्या लक्षात आलं. लेक पुण्याला असली तरी माझ्या येरझाऱ्यांवर तिचं लक्ष. तिने जाड पुठ्ठ्याची सुंदर वही पाठवली. रोज संध्याकाळी आपल्याच मनाशी बसायचं, आत काय चाललंय ते लिहायचं, त्याने माणूस सुधारतो म्हणे. या वयात सुधारून मी कोणाला दाखवणार, असं विचारलं, तर म्हणाली, आईला. बसलो. पण मन जागेवर असेल तर ना. 'आज मला' एवढं लिहून खिडकीबाहेर बघावं, तर समुद्रावर ऊन उतरलेलं, की शाळेतल्या सगळ्या कविता रांगेने हजर. स्वतःचं काही लिहायला जावं तर ते वृत्तात पडायचं. कुळथाची पिठीसुद्धा मी शार्दूलविक्रीडितात नोंदवली आहे.

पुढे नम्रता रोज एक प्रश्न धाडायला लागली. त्या दिवशीचा प्रश्न होता, आज शांत कधी वाटलं? मी प्रामाणिकपणे भुजंगप्रयातात लिहिलं, 'तिचे बोलणे थांबता शांत वाटे.' काय चरण बसला होता, सखाराम. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि इथेच घात झाला, कारण लिहिताना मोठ्याने म्हणायची ती सवय माझी अजून गेलेली नाही. (तुझी गेली का? मागे बँकेत सही करताना तू पुटपुटत होतास.) ओळ आवडली म्हणून चालीवर दोनदा म्हटली. गडग्यापलीकडे शेजारच्या गंगावहिनी वाळलेले कपडे काढत होत्या, त्यांनी तिसऱ्यांदा म्हटली. शिवाय आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन, भाऊंनी चाल छान लावलीय हो, असं मथुरेला सांगून गेल्या.

मथुरा भांडली असती तर बरं होतं. ती भांडली नाही. रात्री जेवायला वाढलं, पिशवी भरली आणि सकाळची एसटी धरली. उंबऱ्यात एवढंच म्हणाली, "बसा आता शांत."

आता तुला खरं सांगतो. त्या संध्याकाळी ती देवापाशी वात लावत होती. वात लागेपर्यंत ती कोणाशी बोलत नाही. पदर सावरून, एका हाताने वाऱ्याला आडोसा धरते. ते बघताना माझी येरझार थांबते. लग्नापासून रोज थांबते. मला लिहायचं होतं ते हे. पण त्या ओळीत वात बसेना, आडोसा बसेना, मग बसलं तेवढंच लिहिलं.

(पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आलो. कोणी नाही.) ती गेल्यापासून घर इतकं गप्प आहे की फ्रिजशी बोलावंसं वाटतं. तरी कृपा करून असा समज करून घेऊ नकोस की मी तिला बोलावतो आहे. माहेरी आली आहे, राहू दे हवं तितकं. मला स्वयंपाक येतो.

तुझा,
बाळा

ता. क. आमसुलांची बरणी कुठे असते, एवढं तिला सहज विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

ता. क. दुसरा. मिठाचंही विचार.

ता. क. तिसरा. वातीचा मजकूर तिला वाचायला दे. तू मोठ्याने वाचू नकोस, तुमच्या घराला खिडक्या फार. आणि जमलं तर शनिवारच्या गाडीत बसवून दे. मी सकाळपासून स्टँडवर आहे असं समज.

ता. क. चौथा. पत्र पाकिटात घालत होतो तोच कडी वाजली. धावत गेलो, तर दारात तू. हातात पिशवी आणि एकटा. चपला काढायच्या आधीच म्हणालास, "बाळा, मथुरेने धाडलंय. ती गेल्यापासून तुला किती शांत वाटलं ते वहीत बघून ये म्हणाली. मग यायचं का ते ठरवते." ती गेल्यापासून वही कोरी आहे रे. आतून कोणी ऐकणारं नसलं की मला शब्दच फुटत नाही. तू पाय धू, हे पत्र वाचत बस, चहाचं आधण ठेवलंय. तोवर मी मागच्या दिवसांची पानं भरून घेतो.