गोट्यांचा किनारा आणि रविवारचा कौल

बाबा,

घडलं ते आधी लिहिते.

१. ट्रेकच्या ग्रुपबरोबर कोकणातला एक डोंगर चढले.
२. पलीकडच्या अंगाने समुद्रावर उतरलो. तिथे वाळू नाही, नुसते गोल गोटे.
३. भरती आली. कड्याला वळसा घालून जाणारी वाट पाण्याखाली गेली.
४. ओहोटी लागेपर्यंत अडकलो. फोनला रेंज नव्हती.
५. कोणाला काही झालं नाही. आईला हे सांगितलेलं नाही.

"आता कोणी हलायचं नाही. किती सेल्फी काढायचे ते काढा," लीडर म्हणाला. "मम्मी जीव घेणार माझा, यार," म्हणत माझी मैत्रीण फोन हवेत धरून फिरत होती. मी कड्याला पाठ टेकून बसले. लाट मागे सरताना गोटे एकमेकांवर घासत होते. आई लालबागच्या आपल्या खोलीत सुपात तांदूळ पाखडते, तसा आवाज.

ती खोली आता दोघींचीच आहे. कंपनी मला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे, सोमवारी उत्तर द्यायचं आहे. सांगितलं तेव्हा आई कुटून आणलेला मसाला बरणीत दाबून भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "आधी देवाक इचारूया. मगे काय ता कळव ऑफिसाक." जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. गावच्या देवळात रविवारी काका कौल लावणार आहे.

मागचा कौल मला नीट आठवतो. माझी दहावी झाली आहे. मुलीला मशीनच्या डिप्लोमाला घालू का, हा तुमचा प्रश्न. गुरव पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडते. काका मान हलवतो. तुम्ही पुढे सरकता. "गुरवानू, प्रश्न माझोच चुकलो. उलटो घाला. चेडवाक घरात बसवू काय?" पुन्हा डावी पडते. "झाला तर," तुम्ही म्हणता, "देवच नाय म्हणता." काका चिडतो, "अरे, ह्येका काय अर्थ?" तुम्ही चपला शोधायला लागता.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. दोन्ही वेळा डावीच का पडली, याचा मी नंतर विचार केला. त्या बाजूचा पाषाण वर्षानुवर्षांच्या तेलाने जास्त गुळगुळीत झाला आहे, पाकळी तिथे धरत नाही. म्हणजे रविवारीही बहुतेक डावीच पडेल. "तिला पाठवू का?" विचारलं तर मी लालबागला राहीन. "तिला थांबवू का?" विचारलं तर जाईन. प्रश्न कसा घालायचा, हे काकाने फोन करून मलाच विचारलं आहे. शनिवारी त्याला सांगायचं आहे.

त्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा सगळे ओरडत वाटेकडे धावले. मी उठले नाही. "काय गं, इथेच राहायचंय काय तुला?" मैत्रीण ओरडली. बुटाची नाडी बांधतेय, असं मी सांगितलं. नाडी सुटलेली नव्हती.

हे पत्र तुमच्या हार घातलेल्या फोटोमागे, आईच्या हाती लागणार नाही असं ठेवते आहे. काकाला कोणता प्रश्न सांगू, ते शनिवारपर्यंत कळवा.