हर्षालीला दिलेलं शून्य

तीर्थस्वरूप वाल्मीकमामांस,

किशोरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा पारा, दोन्ही एव्हाना उतरली असतील. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. इथे आम्ही तब्येतीने ठणठणीत, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

कारण आमचा ‘माहिती साक्षरता’ हा विषय. कॉलेजने तो माझ्या, म्हणजे ग्रंथपालाच्या, गळ्यात बांधला आहे. माहिती कुठे शोधावी, खरी-खोटी कशी पारखावी, हे मी साठ मुलांना शिकवतो. (त्यांनी ग्रंथालयात आजवर शोधून काढलं ते फक्त मोबाइल चार्ज करायचं बटण.) सहा आठवडे घसा फोडून सांगितलं, बाबांनो, ऐकीव माहितीवर जाऊ नका, मूळ पुस्तक उघडा, मगच लिहा. मग परीक्षेला एकच प्रश्न घातला: ‘बागलाणच्या कांदाचाळींचा इतिहास’ या जुन्या पुस्तकात कांदा साठवायची चाळ बांधण्याबद्दल काय म्हटलं आहे? पान क्रमांकासह लिहा. मुदत आठ दिवस.

एकोणसाठ जणांनी उत्तर आणलं, सगळ्यांचं पान बेचाळीस. (मोबाइलमधल्या त्या सर्वज्ञाला विचारलेलं, दुसरं काय!) रोहित नावाच्या दिवट्याने तर लेखकाचं चरित्रही जोडलं, तो कधी वारला त्या तारखेसकट. पण पान रीतसर लिहिलंय, म्हणून मी मुकाट्याने गुण दिले. सुरगाण्याच्या हर्षालीने मात्र लिहिलं, ‘तीन ग्रंथालयं पालथी घातली. असं पुस्तक नाही.’ कामचुकारपणा म्हणून मी शून्य दिलं. आता ती या विषयात नापास, आणि नापास झाली की वसतिगृहातली जागा जाणार. काल टेबलापुढे उभी राहून मलाच विचारते, “सर, तुम्ही पाहिलंय का ते पुस्तक?” मामा, मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी ओरडतो, तसा ओरडलो. काय ही आजची पिढी! मामींना नमस्कार.

आपला,
किशोर

ता. क. पुस्तकाचं नाव आपल्या राखीच्या लग्नात, पंगतीत, तुम्हीच सांगितलं होतं. घरात असेल तर सटाण्याहून उद्याच्या एसटीने पाठवा. मी कुठेकुठे शोधलं, सांगायची सोय नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुमचा फोन मामींनी उचलला. म्हणाल्या, “घरमा असं पुस्तक नही शे.” तुम्हाला म्हणे मार्केटात कुणीतरी सांगितलं होतं! पाकीट तसंच ठेवून हर्षालीला दहापैकी दहा दिले, बाकीच्यांना शून्य दिल्याचं प्राचार्यांना कळवलं, त्यांची बोलणीही खाल्ली. शेवटी तिलाच विचारलं, मला किती देशील? फार विचार न करता म्हणाली, “सर, तुम्ही फेरपरीक्षेला बसा.”