तीन ओळी कमी

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
मंगळवार, ११ मार्च २०२५

ती. शोभाताई,

नंदाचा नमस्कार. माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता अनिकाकडून लिहून घेतला. लेक म्हणते, "आई, जस्ट कॉल हर ना, यार!" पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला मला गप्प करशील आणि मी मुकाट्याने गप्प बसेन. ते मला सोयीचंच पडेल.

इकडे सगळं ठीक. प्रतापची नोकरी चालू आहे. माझी लायब्ररीतली सुटली, पण शनिवारी मी हेलेनाबाईंकडे वाचायला जाते. त्या मागच्या रस्त्यावर मुलाकडे राहतात. मूळच्या चेक, ब्र्नो गावच्या. अडुसष्ट साली उन्हाळ्याच्या कामासाठी नॉर्वेला गेल्या, मागे देशात रशियन रणगाडे शिरले आणि बाई परतल्याच नाहीत. ऑस्लोत प्राध्यापक झाल्या, पन्नास वर्षं चेक पुस्तकं नॉर्वेजियनमध्ये नेली. आता डोळे गेलेत, आपल्या आईचे गेले तसेच. मी चेक मोठ्याने वाचते, त्या नॉर्वेजियन सांगतात, रेकॉर्डर चालू असतो. चेक वाचायला अवघड नाही, लिहिलंय तसं म्हणायचं. तीन वर्षांत मला ते अर्धंमुर्धं कळायलाही लागलंय.

बाई कडक आहेत. वाचण्याआधी पानावर किती ओळी आहेत ते सांगायचं. ओळ संपली की मी टेबलावर टिचकी मारते आणि त्या मांडीवरच्या वाटीतलं एक बटण दुसऱ्या वाटीत टाकतात. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा.

सध्या त्यांच्या भावाची, मिरेकची पत्रं चालली आहेत. तो मागे राहिला होता, आता हयात नाही. ऑस्लोचा प्रकाशक ती छापणार आहे. परवाच्या शनिवारी वाचता वाचता मला पुढचं दिसलं. मिरेकने बहिणीला लिहिलं होतं, आई रोज खिडकीत बसायची, शेवटच्या दिवशी तिने तुझं नाव घेतलं, आणि मी तुला माफ करणार नाही, असं काहीसं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, कशाला तिला आता हे? मी त्या ओळी सोडून पुढे गेले. पान संपलं.

बाईंनी बटणं मोजली. पुन्हा मोजली.

"नंदा, तू सव्वीस म्हणालीस. ही तेवीस आहेत."

"चुकून उडी मारली असेल," मी म्हटलं.

"तू चुकत नाहीस. तीन ओळी वाच."

मी म्हटलं, बीपी वाढेल तुमचं, आज राहू दे. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की वाटी खाली पडली. "पत्र माझं आहे! माझ्या भावाने मला लिहिलंय. तू कोण मध्ये?"

मी वाचलं. त्यांनी तिन्ही ओळी नॉर्वेजियनमध्ये सांगितल्या, एक शब्द बदलला आणि रेकॉर्डर बंद करायला लावला. मी जमिनीवरची बटणं वेचत होते. तेव्हा त्यांनी विचारलं, "याआधी कुणाच्या पत्रात असं केलंयस?"

घरी येऊन कपाट उघडलं आणि तुझं पत्र काढलं.

ताई, उल्हासरावांशी तुझं दुसरं लग्न आईने मान्य केलं नाही, तू नागपूरला गेलीस, नंबर बदललास. मग २०१८च्या दिवाळीत, आई माझ्याकडे राहत होती तेव्हा, तुझं हे पत्र इथे तिच्या नावाने आलं. आई गेल्याचं मी कळवलं तेव्हा तू एकच ओळ लिहिलीस: "तिने शेवटपर्यंत फोन केला नाही, आता मला काही कळवू नकोस." त्या ओळीला मी सहा वर्षं उत्तर दिलेलं नाही.

तुझं पत्र एकवीस ओळींचं आहे. आईला मी सोळाच वाचून दाखवल्या. उल्हासरावांची बदली, घराला नवा रंग, तुझी गुडघेदुखी. "आई, माझं चुकलं असेल तर माफ कर, एकदा आवाज ऐकव" हे मी वाचलं नाही. मनाशी म्हटलं, तिचं बीपी. खोटं आहे ते. इथे औषधं, अंघोळ, जेवण सगळं मी करत होते आणि तुझं नाव निघालं की ती उठून बसायची. मला हेवा वाटला, ताई. वाटलं, ही आता तुझ्याकडे जायचा हट्ट धरेल. अकरा दिवसांनी ती गेली.

ते पत्र सोबत पाठवते आहे. शेवटच्या पाच ओळी बघ. त्यातच तुझा नवा फोन नंबर आहे.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही ते तुझं तू बघ, मी मध्ये येणार नाही. पण एक राहिलंय, तेवढं लिहून थांबते.

मी पत्राची घडी घातली तेव्हा आईने विचारलं होतं, "नंबर लिहिलाय का गं तिने?"

मी नाही म्हणाले.

नंदा