खारे हात

७ जुलै, सोमवार
आज पहिली तुकडी कारखान्यात गेली. प्रशिक्षण संस्था सरकारची, मशिनं कंपनीची, शिकवणारे आम्ही, आणि शेवटचे महिने मुलं थेट कामावर. गेटवर भाषणं, ढोकळा, फोटो. फोटोत माझा अर्धा खांदा आलाय.
गंमत म्हणजे माझा नवरा सं. याच कंपनीत. लग्नाआधीपासून तिथे ग्राइंडिंगला, फिरत्या चाकावर लोखंड घासायचं काम. संस्थेत हे कोणाला ठाऊक नाही, मी माहेरचंच आडनाव लावते. घरी म्हणाला, "म्हणजे आता तुझी पोरं माझ्या डोक्यावर." खूश होता. मीही.

२१ जुलै, सोमवार
प्राचीबद्दल तक्रार आली. माझी सगळ्यात हुशार मुलगी. मढची, कोळ्यांची, बोटीने वर्सोव्याला उतरून अंधेरीला येते. तिने घासून ठेवलेल्या तुकड्यांवर दुसऱ्या दिवशी गंज. सुपरवायझर फोनवर म्हणतो, मासे विकणाऱ्यांचे हात ते, दुसरं काय होणार, परत घ्या हिला. माझं डोकंच फिरलं. बोलले त्याला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२२ जुलै
सं.ला विचारलं. म्हणे, माशांचा काही संबंध नाही. काही जणांचा घामच खारा असतो. ताज्या घासलेल्या लोखंडाला बोट लागलं की रात्रीत तांबूस ठसा उमटतो.
"तुला कसं माहीत?"
"माझाही तसाच आहे."
इतकी वर्षं हा कामावर निघताना हाताला तेल चोळतो, मला वाटायचं कातडी फुटते म्हणून. खिशात मऊ फडकं असतं, तुकडा धरायचा तो फडक्यातच. कारखान्यात कोणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर ग्राइंडिंगवरून काढून झाडू हातात दिला असता, म्हणाला. आज सगळं प्राचीला सांगून आला, आपण तिच्या मॅडमचा नवरा हेही. बायकोला नाही, तिला आधी! चिडवलं तर लाजला.

९ ऑगस्ट, शनिवार
काल नारळी पौर्णिमा, प्राची सुट्टीवर. आज आईकडून सुके बोंबील घेऊन आली, "सरांना द्या." गंज बंद झालाय. सुपरवायझरचा पुन्हा फोन नाही. तिची आई म्हणते, आमच्या घरात डोक्यावर माशांची पाटी न घेणारी ही पहिलीच होईल. कंपनीने कायम केलं तर. दोघी त्या "तर"वर जगतायत.
सं.ने बोंबलाची चटणी ताट पुसून खाल्ली.

१२ सप्टें., शुक्रवार
सं. म्हणतो, साहेबांनी सांगितलंय, पोरीला सगळं शिकव. चाक कसं बसवायचं, आवाजावरून काय ओळखायचं, सगळं. "एवढी घाई कसली त्यांना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शिकव ना, तुझं काय जातंय.
तुझं काय जातंय. हे माझे शब्द.

२२ सप्टें., सोमवार
संस्थेत आढावा बैठक. कंपनीचा माणूस, तरुण, गोड बोलणारा. पडद्यावर मुलांचे फोटो. म्हणाला, ग्राइंडिंग विभाग लवकरच पूर्णपणे तुमच्याच मुलांवर चालेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग पुढे म्हणाला, मुलांच्या मानधनात सरकारचा वाटा आहेच, तेव्हा जुन्या ऑपरेटरांना आम्ही सन्मानाने मोकळं करतोय.
सन्मानाने. मोकळं.
ग्राइंडिंगला जुना ऑपरेटर कोण उरलाय? माझ्या डब्यातली पोळी खाऊन गेलेला माणूस. बैठक संपली तरी मी खुर्चीतच. प्राचार्य म्हणाले, मॅडम, बरं नाही का? म्हटलं, ऊन लागलं. पाऊस पडत होता बाहेर.
घरी आल्यावर तोंड उघडलं नाही. तो जेवला, बातम्या बघितल्या. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

२४ सप्टें.
आज कंपनीने त्यालाही सांगितलं. राजीनामा द्या, हिशोब घ्या, नाहीतर गुजरातच्या कारखान्यात बदली. दिवाळीपर्यंत काय ते ठरवा.
बूट न काढता सोफ्यावर बसला. मी बैठकीचं सांगितलं. म्हणाला, "सोमवारी कळलं तुला?" बस, एवढंच. शिवी दिली असती तर परवडली असती. मग बुटाची नाडी सोडत, "प्राची माझ्या मशिनवर?" मी मान डोलावली. म्हणाला, "चाक नीट बसवते ती."
युनियन कधीच संपली. कोर्टात जायचं तर आमच्या दिंडोशीतल्याच एका वकिलाला विचारून ठेवलं. तो म्हणाला, लढता येईल, पण वेळ जाईल. वेळ आमच्याकडे आहे म्हणायचा आता.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
मला वाटलं सं. कामावर जाणार नाही. गेला. आम्ही बौद्ध, पूजा करत नाही. पण खंडेनवमीला बाकीचे झेंडू चढवतात तेव्हा सं. आपलं मशिन खिळ्याखिळ्यापर्यंत पुसतो, हा त्याचा नेम.
दुपारी प्राचीचा फोन. कायम केलं, मॅडम! सरांचंच मशिन दिलं. सर पुसत होते, मी हार घातला, सरांच्या पाया पडले.
"सरांना प्रमोशन मिळालं ना? वर कुठे जाणार ते?"
आपल्याला काढतायत हे सं.ने तिला सांगितलंच नव्हतं. म्हटलं, मिळेल. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. या मुलीचा राग यावा असं वाटत होतं. येईना. कंपनीचा येतो, सरकारचा येतो, आणि सगळ्यात जास्त टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचा.

४ ऑक्टो., शनिवार
सकाळी प्राचार्य म्हणाले, नवी तुकडी, तीच कंपनी, चांगली मुलं निवडून द्या. उद्या सांगते म्हटलं. उद्या रविवार, हेही लक्षात आलं नाही.
संध्याकाळी प्राची घरी आली. मागे तिची आई, थेट बाजारातून, रिकामी पाटी बाहेर दाराशी ठेवून. सं.ची नोकरी जातेय हे कोणीतरी सांगितलं होतं. प्राची खाली मान घालून म्हणाली, मी नाही जात सोमवारी. त्यांच्या जागेवर नाही बसणार.
तिची आई पदराने तोंड पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी शिक्षिका आहे, मी काहीतरी सांगायला हवं होतं. जा म्हणू? माझा नवरा आत बसलेला. जाऊ नको म्हणू? पाटी दाराशी होती.
सं. बाहेर आला. प्राचीसमोर उभा राहिला.
"हात दाखव."
तिने दोन्ही हात पुढे केले.
"तेल लावलं नाहीस आज."
"आज सुट्टी होती, सर."
तो आत गेला, तेलाची बाटली आणि खिशातलं फडकं घेऊन आला. टेबलावर ठेवलं आणि परत आत गेला.
चहा कोणीच घेतला नाही. निघताना प्राचीने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फडकं तिने उचललं. बाटली तिथेच आहे.