दोनदा दाबलेलं बटण

६ जानेवारी

ॲप राहतं कुठे? नोकरीच्या पहिल्या दिवसाचा पेढा तोंडात ठेवत आईने विचारलं, आणि मला खरंच सांगता आलं नाही.

ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ, माणसं मोजकी. घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आमचं ॲप आहे. त्यांनी सकाळी उठून मोठं बटण दाबायचं, की मुलांच्या फोनवर हिरवा टिपका येतो, 'मी बरी आहे'. सुधीर सर म्हणाले, आपला सर्व्हर नाही, सगळं क्लाउड कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर. कोड आपण द्यायचा, मशीन ते सांभाळतात. मी आईला सांगितलं, भाड्याच्या खोलीसारखं, पाणी-लाइट मालक बघतो. ती म्हणाली, आपला मालक बघतो तसं बघत असेल तर कठीण आहे बाई तुमचं.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आजपासून आईची पोळ्यांची कामं बंद. हे मी ठरवलंय.

१९ जानेवारी

ॲप आईच्या फोनवरही टाकलं. ती बटण दोनदा दाबते. एकदा पुरतं, सांगून थकले. पहिलं पोचलं नसेल तर तू काळजी करत बसशील, म्हणते. प्राची माझ्या शेजारी बसते. ॲपच्या नोंदी बघून ती हसली, दर्शना, तुझी आई दारावरची बेल वाजवतेय गं.

आज मी एक नवी सोय केली. ॲप बंद पडलं तर प्लॅटफॉर्म ते आपोआप पुन्हा उभं करील. सर म्हणाले, छान. आता कुठल्याच घराला वाट बघावी लागणार नाही.

११ फेब्रुवारी

आई गेली.

शेजारच्या गंगुबाई सांगत होत्या, सकाळपासून छातीत कळ येत होती. पोरीला फोन लावते म्हटलं तर म्हणाली, नको, तिचं नवीन काम आहे. मग तिने बटण दाबलं. दोनदा.

मी ऑफिसात हिरवा टिपका पाहिला आणि चहा प्यायले.

२४ फेब्रुवारी

कामावर आले. आईच्या नावापुढे आजचा हिरवा टिपका. खाली दोन नोंदी, लागोपाठ.

तिचा फोन घरी कपाटात, साड्यांखाली, बंद. मीच ठेवलाय. प्राची म्हणाली, जुनं काहीतरी अडकलं असेल, नाव काढून टाक. काढलं नाही. आता रोज सकाळी वाट बघते. बरं वाटतं. हे कुणाला सांगू?

३ मार्च

आमच्या ॲपवरचे कळव्याचे देवराम काका बाथरूममध्ये पडलेले सापडले. जाऊन काही दिवस झाले होते. मुलगी पुण्याला. ती रडत फोनवर म्हणाली, रोज हिरवं येत होतं हो.

नोंदी उघडल्या. काका कायम एकदाच दाबायचे. शेवटच्या सगळ्या सकाळी, दोन-दोन.

लेकीला काळजी नको म्हणून. आई, हे तू —

५ मार्च

आईचं नाव काढलं. तरी एका आजींच्या नावापुढे दोन नोंदी. त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करून धावत पाठवलं. दार तोडलं. आजी जमिनीवर, श्वास चालू. वाचतील.

ॲप थांबवलं. पुन्हा उभं राहिलं. आपोआप उभं राहायची सोय काढली. तरी उभं —

६ मार्च

ॲप कायमचं पुसू म्हटल्यावर सर म्हणाले, विचार कर, इतक्या घरांचा विश्वास आहे आपल्यावर. म्हणूनच, मी म्हटलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

प्रत्येक घरी फोन केला. रोज स्वतः फोन करा, आवाज ऐका. मग ॲप पुसलं. बॅकअपसकट. त्यात तिचं जे काही उरलं होतं तेही. आता ती राहणार कुठे, हेही मला सांगता येत नाही.

घरी आले. दिवा लावला. कपाटात काहीतरी वाजलं. साड्यांखाली. एकदाच.

मी दुसऱ्या आवाजाची वाट —