मालट्रकमधली खाट

खटकचिंचोळी, १९७९

मोटार तपासणी साहेबांना नमस्कार.

माझा भाऊ भीमराज याने मालट्रकमध्ये बसवलेली खाट, चूल आणि खिडकी तुम्ही काढायला लावली. लेखी परवानगीआधी बॉडी बदलता येत नाही, हा नियम बरोबरच आहे.

तुम्ही हसून विचारलं होतं, “ट्रकात घर कामून करायलास? वाटंत लॉज न्हाईत व्हय?”

“हाईत साहेब,” एवढंच तो म्हणाला.

आमच्या आजारी आईला दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. मागच्या खेपेला लॉजवाल्यांनी आडनाव विचारून खोली नाकारली आणि ती रात्रभर पायरीवर बसून राहिली. हे चारचौघांत सांगायची भीमराजला लाज वाटली. त्याला का वाटावी, हे मला अजून कळत नाही.

आम्ही परवानगीचा अर्ज केला. उत्तर येण्याआधी दसरा गेला, आणि दिवाळीच्या आत आईही गेली.

आता तो त्याच ट्रकमधून तुरीची पोती नागपूरला नेतो. कागदपत्रं चोख आहेत. त्याला पुन्हा तुमच्यासमोर उभं राहावं लागतं, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

परवा मी त्याला विचारलं, “दीक्षाभूमीवर जाऊन आलास का?”

“न्हाई अक्का,” तो म्हणाला, “एकट्याला जाववंना.”

इंदिराबाई,
भीमराजची थोरली बहीण