मी गाळलेली पाच वाक्यं

मी, मालिनी चेरियन, माहेरची मालिनी आत्माराम शेवडे, वय सहासष्ट, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणी दरडावलं म्हणूनही नाही. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. शेजारचे डॉक्टर अजिंक्य यांनी काल मला तपासून डोक्याबद्दल तसा दाखला दिला आहे. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे वडील जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. अक्षर चांगलं म्हणून लोकांच्या मृत्युपत्रांच्या पक्क्या प्रती ते माझ्याकडून लिहून घेत. म्हणत, "कोणाला काय दिलं ते ठळक लिही. का दिलं ते लिहायचं नाही." मला मात्र का दिलं तेच लिहायचं आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दर्शनाला तिच्या आईबद्दल एक गोष्ट बावीस वर्षं खोटी माहीत आहे, आणि ती माझ्यामुळे. बाकीची कलमं सोपी आहेत, म्हणून ती आधी लिहिते.

कलम एक. कपाटावरची पितळी समई माझा भाऊ श्याम याला द्यावी. मी ख्रिस्ती झाले आणि एका मल्याळी फिटरशी लग्न केलं, तेव्हा आईने ती कामवालीच्या हाती गुपचूप पाठवली होती. आमच्याकडे समई लावत नाहीत, पण वीज गेल्यावर तिच्याच उजेडात माझ्या मुलाचा, सलिलचा अभ्यास झाला. आई गेल्याचं श्यामने मला कळवलं नाही. तेराव्यानंतर मासळीवालीकडून कळलं. समईबरोबर त्याला काहीही निरोप देऊ नये.

कलम दोन. पेजेचं मोठं पातेलं आणि दोन कडीचे डबे मंडळीला. माझे पती पास्टर चेरियन यांना लोक ओळखत ते या डब्यांवरून. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर होते तेव्हा ते पाळी संपली की कामगारांच्या खोलीत प्रार्थना घेत. मी त्याच कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्यांच्या शर्टाला रसायनांचा वास यायचा आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपलं कोणीतरी आहे असं वाटावं. नव्वद साली रत्नागिरीला येऊन आम्ही भाड्याच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मंडळी सुरू केली. माणसं होती अकरा, त्यांत आम्ही तीन. दर गुरुवारी ते सरकारी दवाखान्यात पेज घेऊन जात. ज्याला कोणी नाही त्याच्याजवळ बसत, धर्म विचारत नसत. पेज शिजवणारं कोणी उरलं नाही तर पातेलं विकू नये, दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याला द्यावं.

कलम तीन. इंग्रजी-मराठी शब्दकोश माझी नात ओवी हिला. कॉन्व्हेंटमध्ये भाषांतराचं पहिलं बक्षीस म्हणून तो सिस्टर बेनितांनी मला दिला. त्या सांगत, भाषांतर करताना लिहिणाऱ्याच्या वाक्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही. मी दोन्ही केलं. ओवीला हे मोठी झाल्यावर सांगावं.

कलम चार. बँकेतली आणि पोस्टातली शिल्लक माझा मुलगा सलिल याला. सलिल, तू बाबांच्या आठवणींचं पुस्तक काढतो आहेस. त्यात "२००३ पासून पास्टरांनी मराठीच्या प्रेमाने मराठीतूनच उपदेश केला" असं वाक्य आहे. ते काढ. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम पाच. माझ्या नावावरचं हे राहतं घर, मागच्या दोन हापूसच्या कलमांसह, दर्शनाला. तिने ते न घेतल्यास सलिलला. वकील भार्गवी यांनी बजावलं आहे की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर ज्याने साक्षीदार म्हणून सही केली, त्याला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून दर्शना घरी असताना सह्या करू नयेत. ती मदतीला धावते आणि विचारल्याशिवाय पेन उचलते.

आता कारण.

पास्टर उपदेश इंग्रजीतून करत. त्यांचं हिंदी कंपनीतलं, निम्मं शिव्यांचं. मराठी समजायचं, बोलायला लाजायचे. त्यांनी एक वाक्य बोलायचं, मी शेजारी उभी राहून ते मराठीत सांगायचं, अशी आमची तेरा वर्षं गेली. लोक ऐकत माझा आवाज आणि मानत त्यांचा शब्द.

दर्शनाची आई सखू लांज्याकडच्या गावातून येई. नवरा रावजी मुंबईला हॉटेलात. सखूला फिट यायची, गोळ्या चालू होत्या. २००३ च्या जूनमध्ये पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि शेवटी एवढंच म्हणाले, "प्रभूने तुला स्पर्श केला आहे, शांतीने जा." हॉल भरलेला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांचं वाक्य सांगितलं आणि पुढे माझं जोडलं, "आता गोळ्यांची गरज नाही." ते मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मला आवडली, हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

पुढच्या रविवारी सखू साक्ष द्यायला उभी राहिली. "पास्टरांनी सांगितलान, गोळ्या नकोत. मी वहाळात फेकल्या! एक पन ठेवली न्हाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पास्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीही वाजवल्या.

ऑगस्टमध्ये त्याच वहाळावर कपडे धुताना सखूला फिट आली. पाणी गुडघाभर होतं. दर्शना नऊ वर्षांची होती. धुतलेल्या कपड्यांचे पिळे घेऊन ती पुढे घरी गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी पास्टर उभे राहिले. रडत होते. इंग्रजीत पाच वाक्यं बोलले. मी ती ऐकली, मला पुरती समजली, आणि मराठीत मी सांगितलं, "सखूबाईंच्या जाण्याने पास्टरांना फार दुःख झालं आहे. आपला विश्वास कमी पडू नये म्हणून आपण प्रार्थना करूया." लोक म्हणाले, आमेन. हॉलमधून बाहेर पडेपर्यंत त्याचा अर्थ ठरला होता. सखूचा विश्वास कमी पडला.

मी स्वतःला सांगत राहिले की मंडळी वाचवली. हॉल बंद झाला असता, पोलीस आले असते, आधीच लोक आमच्याकडे वाकड्या नजरेने बघत होते. हे खरं आहे आणि तरी कारण हे नव्हतं. चौकशी झाली असती तर गोळ्यांचं वाक्य कोणाचं, हे निघालं असतं.

घरी आल्यावर पास्टर एवढंच म्हणाले, "मालिनी, तू आज थकली होती." पुढच्या रविवारी त्यांनी मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं आणि स्वतःच मोडक्यातोडक्या मराठीत बोलू लागले. शेवटपर्यंत तसेच बोलले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "पास्टर, तुमचा मराठी आयकून माजा बैल उलटा चालतो," आणि ते सगळ्यांत आधी हसायचे. पण ती पाच वाक्यं त्यांनी त्या मराठीतही पुन्हा उच्चारली नाहीत. ती उच्चारली असती तर मी उघडी पडले असते. त्यांनी मला झाकलं आणि मी झाकून घेतलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली की मात्र ते दर वेळी म्हणत, "गोळी पन घे, हां." लोकांना ती गंमत वाटायची. त्यांच्या मयताला कोणीतरी नक्कलही केली.

दर्शना आता नर्स आहे. पास्टर गेल्यापासून तीन वर्षं रोज संध्याकाळी माझा रक्तदाब बघायला येते. आईचा विश्वास कमी पडला म्हणून ती दर शुक्रवारी उपास करते. मी तिला तो सोड म्हणाले नाही. रिकाम्या पोटी तिने माझ्या पायांना तेल लावलं आहे.

कलम सहा. मला पुरण्याआधी मंडळीसमोर पुढची पाच वाक्यं सलिलने मोठ्याने वाचावी. ती पास्टरांची आहेत. मी यांत काही घातलेलं नाही.

"सखूने गोळ्या सोडल्याचं सांगितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मला चमत्कार हवा होता आणि तिच्या जिवाचा विचार मी नंतर केला. तिचा विश्वास कमी पडला नाही, माझा पडला. तिच्या मुलीची आणि तुम्हा सर्वांची मी क्षमा मागतो."

त्यानंतर माझं एक वाक्य वाचावं: "गोळ्या सोडायला पास्टरांनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं." यावर कोणी आमेन म्हणू नये.

कलम सात. हे कलम आज संध्याकाळी जोडते आहे. वरचं लिहून झालं आणि दर्शना आली. माझ्या दंडाला पट्टा बांधला. म्हणाली, "काय लिहिताय आंटी? हात किती गार पडलाय." मी कलम पाच आणि सहा तिला वाचून दाखवलं. पट्टा तसाच राहिला.

मग म्हणाली, "मग मी शुक्रवार कशासाठी धरत होते?"

तिने पट्ट्यात हवा भरली, आकडा बघितला. "एकशे ऐंशी. गोळी घेतलीत?"

"नाही."

तिने गोळी काढून दिली, पाणी दिलं, गिळेपर्यंत उभी राहिली. खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. "आय दर रविवारी पयल्या गाडीने यायची," ती म्हणाली. तिच्या तोंडून गावची बोली मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. "पावसातपन. तिचा विश्वास कमी?"

"नव्हता गं. कधीच नव्हता."

"घर नको मला."

"दर्शना, ते तुझं आहे."

"मी घर घेतलं की लोक म्हणणार, आंटींनी भरपाई केली, मिटलं. मला मिटवायचं नाहीये. आणि तुम्ही मेल्यावर सलिलदादाने वाचायचं? म्हणजे पुन्हा तुमच्या जागी दुसऱ्याचं तोंड. उद्या रविवार आहे. तुम्हीच वाचा. मी रिक्षा घेऊन येते नऊला."

मी म्हणाले, मला उभं राहवणार नाही. ती म्हणाली, "बसून वाचा. माईक देतील." मग टेबलावरचं पेन उचललं. "साक्षीदाराला काही मिळत नाही ना? आधी तुम्ही सही करा."

डॉक्टर अजिंक्यांना हाक मारली आहे, ते पायरीवर चपला काढताहेत. घर आता कलम पाचप्रमाणे सलिलकडे जाईल. कलम सहा माझ्या मरणाची वाट न बघता उद्या सकाळी अमलात येईल. तरीही ते इथे ठेवते. उद्या माझ्या जिभेने पुन्हा काही गाळलं, तर हा कागद दर्शनाकडे आहे.

ठिकाण: नाचणे, रत्नागिरी
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सही: मालिनी चेरियन

वरील सही मालिनीबाईंनी आमच्यासमोर, शुद्धीत केली. आम्ही त्यांच्यासमोर सह्या करत आहोत.

साक्षीदार १: डॉ. अजिंक्य लिंगायत, नाचणे
साक्षीदार २: दर्शना सखू घवाळी, नर्स